ओळीच्या अखेरीस शब्द कोठे तोडावा? : बहुभाषिक अक्षरजुळणीतील एक व्याकरणप्रश्न

मराठी व्याकरणात संयोगचिन्हाची दोन प्रयोजने सांगितली जातात : दोन शब्द जोडणे आणि ओळीच्या अखेरीस अपुरा राहिलेला शब्द पुढील ओळीशी सांधणे. दुसरे प्रयोजन खिळेजुळणीच्या काळात जुळाऱ्याच्या भाषिक जाणिवेवर सोपविलेले होते. संगणकावर ते आज्ञावलीकडे गेले, आणि जाणिवेतील नियम स्पष्ट शब्दांत मांडणे अपरिहार्य झाले.

जालन्यासारख्या गावी हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा ठरतो. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता व उर्दू तेथील राजभाषा होती. नवीन जालन्यातील एखाद्या छापखान्यात मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजी मजकूर एकाच पृष्ठावर येणे म्हणूनच स्वाभाविक आहे. मात्र या भाषांचे नियम भिन्न आहेत. उर्दूत ओळीअखेर शब्द तोडण्याची रूढी नाही. इंग्रजीत उच्चार व व्युत्पत्ती पाहिली जाते. मराठीत लिपीतील अक्षर हे एकक मानावे लागते.

फ्रँक लिआंग यांनी १९८३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रबंधात मांडलेली पद्धती आज रूढ आहे. तीत वर्णक्रमांमध्ये अंक योजलेले असतात. विषम अंक तोडण्यास अनुमती देतो, सम अंक मनाई करतो. हे अंक प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र असतात. संपूर्ण परिच्छेदाला एकच भाषा नेमली की दोष उद्भवतात.

जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतील मराठी मजकूर संगणकास रोमन वर्णांचा भासतो. त्यावर इंग्रजीचे नियम चालले, तर ऱ्हस्व वेलांटी एका ओळीत आणि तिचे व्यंजन दुसऱ्या ओळीत जाते. युनिकोडमध्ये हा दोष टळतो. तरी जोडाक्षराचे भान हवेच. ‘पुस्तक’ हा शब्द उच्चारात ‘पुस्’पाशी तुटतो, लेखनात मात्र ‘स्त’ अभंग राहिला पाहिजे. अनुस्वार व विसर्ग मागील अक्षराबरोबरच राहावेत.

खरी कसोटी यापुढे आहे. ‘मराठवाडा’ हा शब्द ‘मरा-ठवाडा’ असा तोडल्यास अक्षरनियमाचा भंग होत नाही, अर्थाचा होतो. ‘मराठ-वाडा’ हाच विच्छेद वाचकास मान्य होईल. ‘जाल-ना’ असे तोडल्यास एकच अक्षर पुढील ओळीत एकाकी पडते.

यावर उपाय तीन : प्रत्येक उताऱ्यास, गरज पडल्यास शब्दासही, त्याची भाषा नेमून देणे, ओळीच्या दोन्ही बाजूंस किमान दोन अक्षरे राखणे, आणि सामासिक शब्द व विशेषनामे यांची अपवादसूची ठेवणे. पहिली दोन कामे यंत्र करील. तिसऱ्यासाठी मराठी जाणणारा मुद्रितशोधकच हवा.