वाट विचारायची की शिक्का मागायचा?



मे महिना आला की आपल्या मंडळ्यांत प्रार्थनेच्या विनंत्या वाढतात. दहावीचा निकाल लागलेला असतो आणि रविवारी उपासनेआधी पाळकांच्या हातात चिठ्ठ्या पडू लागतात. बेळगावचा कॅम्प असो की निपाणी, मजकूर साधारण एकच: मुलीला सायन्सला चांगल्या कॉलेजात सीट मिळावी. चिठ्ठी दिली की बाबा निर्धास्त होऊन बाकावर बसतात. मुलगी शेजारीच असते, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तिला विचारलं तर ती कॉमर्स म्हणेल. पण विचारतं कोण?

त्या चिठ्ठीबद्दलच मला बोलायचं आहे. तिच्यात देवाला वाट विचारलेलीच नसते. वाट घरी ठरलेली, कोचिंगचे पैसेसुद्धा भरलेले. देवाकडे मागायचा तो फक्त शिक्का. आणि सीट मिळाली नाही की मग, 'देवाने आमचं ऐकलं नाही.'

हेतू कुणाचा वाईट नसतो, हे मला ठाऊक आहे. बेळगावात राहायचं म्हणजे 1963 पासूनचं जेएनएमसी मेडिकल कॉलेज डोळ्यांसमोर, 1998 पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय इथेच, आणि चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लावलेले फलक. निपाणीत आयुष्यभर विड्या वळलेल्या आईला वाटणारच की लेकीच्या बोटांना तंबाखूचा वास नको. आपल्या आधीच्या पिढीचीही एक ठरलेली वाट होती. मुलगी म्हटली की मिरज, डॉ. वॉनलेसनी 1894 साली उभारलेल्या दवाखान्यात नर्सिंग. मुलगा म्हटला की मास्तर. ती वाट चांगली होती, पुष्कळ घरं तिने वर आणली. पण ती सगळ्यांचीच नव्हती, आणि आजची नीटची वाटही सगळ्यांची नाही.

प्रेषितांच्या कृत्यांचा 16वा अध्याय एकदा मुलांना घेऊन वाचा. पौलाला आसियात वचन सांगायचं होतं, मनाई झाली. बिथुनियाकडे वळला, तिकडेही जाऊ दिलं नाही. दोन दारं बंद, आणि तीही वाईट कामाची नव्हेत, देवाच्याच कामाची. तरी तो रुसून बसला नाही, चालत त्रोवसपर्यंत आला. तिथे रात्री दृष्टांत झाला: मासेदोनियातला एक माणूस मदतीला बोलावतो आहे. इथवर संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असतं. पुढचं मात्र आपण घाईने वाचतो. दृष्टांत एकट्या पौलाला झाला, पण देव तिकडे बोलावतो आहे हे बरोबरच्या सगळ्यांनी मिळून ताडलं. प्रेषितालासुद्धा सोबत्यांबरोबर बसून ठरवावं लागलं. आपण मात्र जेवणाच्या ताटावर परस्पर जाहीर करून टाकतो, 'देवाने मला दाखवलंय, तू इंजिनिअर होणार.' आणि गंमत बघा, फिलिप्पैला पोचल्यावर आधी भेटली ती जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया. दृष्टांतातला तो माणूस पुढे कुठेच भेटत नाही!

नव्या वर्षाच्या उपासनेत आपण वचनाचं कार्ड काढतो. त्यात वाईट काही नाही, माझ्या बायबलातही तसली कार्डं आहेत. पण वर्षभराचा निर्णय त्या एका कार्डावर टाकायचा, किंवा डोळे मिटून शास्त्र उघडून बोट पडेल त्या ओळीवर कॉलेज ठरवायचं, याला मी विश्वास म्हणणार नाही. देवाची खूण मागायला गिदोनाने लोकर ठेवली तीही एकदा नाही, दोनदा, आणि ती त्याच्या भित्रेपणाला देवाने दिलेली सवलत होती.

त्याहून मला खटकते ती घरच्या प्रार्थनेतली एक सवय. 'प्रभू, आमच्या मुलाचं मन मोबाईलवरून काढ, त्याला अभ्यासाची बुद्धी दे, शेजारच्यांच्या मुलासारखं कर.' ही प्रार्थना देवाला उद्देशून असते का? पोरांना बरोबर कळतं की बोलणी आपल्याला आहेत, फक्त डोळे मिटून. अशा घरातला मुलगा मोठेपणी काही अडलं तर देवाकडे जाईल, असं मला वाटत नाही. देवाचा आवाज त्याने आई-बाबांच्या ओरडण्याच्याच सुरात ऐकलेला असतो.

देवावर भार टाकणं म्हणजे काय, यासाठी पंडिता रमाबाईंकडे बघा. आज कर्नाटकात असलेल्या गंगामुळाच्या जंगलात 1858 साली जन्मलेली ही बाई, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुली तिने सांभाळल्या. पैसा कुठून येणार हे माहीत नसताना एकेक पाऊल प्रार्थनेने टाकत गेली, म्हणून आपण तिचा दाखला देतो. पण तिच्या एकुलत्या एक मुलीचं, मनोरमाचं, आपण फारसं सांगत नाही. परदेशात शिकून आलेली, आईच्या कामात बुडालेली, गुलबर्ग्याच्या शाळेसाठी खपलेली. पुढे मुक्ती हिच्याच हाती जाणार, असं कुणालाही वाटलं असतं. 1921 साली मनोरमा चाळिशीतच गेली. वर्ष पुरं व्हायच्या आत, 5 एप्रिल 1922 ला, रमाबाईही गेल्या. मधल्या महिन्यांत त्यांनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. लेकीबद्दल त्यांनी देवाला काय विचारलं असेल, त्याचं उत्तर काय मिळालं, हे मी सांगू शकत नाही. एवढं मात्र दिसतं की देवावर टाकलेला भार म्हणजे आपला आराखडा पुरा होण्याची हमी नव्हे.

म्हणून काय, नुसतं हात जोडून बसायचं? मुळीच नाही, आपल्या भागात तर नाहीच नाही. निपाणीचं पोर देवचंद कॉलेजला जातं तेव्हा घरातून निघून, गाव न सोडता, राज्य ओलांडतं. कॉलेज आहे ते अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यात येतं. बोर्ड बदलतं, सीईटी बदलते. कर्नाटकच्या सीईटीला राज्यात सात वर्षं शिकल्याचा दाखला मागतात, तो आधी तपासा. महाराष्ट्राची नियमावली वेगळी, तीही वाचा. ज्या धंद्यात मुलाला जायचं आहे त्यातल्या कुणाशी तरी अर्धा तास बोलू द्या. मंडळीत नर्स आहेत, वकील आहेत, गॅरेजवाले आहेत, आणि विचारलं की ते मोकळेपणी सांगतात. कागद पाळकांना दाखवायचे नसतात, ते बिचारे प्रार्थना करतील. कागद कॉलेजच्या ऑफिसात दाखवा.

आणि पीयूचा, म्हणजे अकरावीचा, फॉर्म भरायच्या आदल्या संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत मुलालाच प्रार्थना करायला सांगा. मोठ्याने, त्याच्या शब्दांत. कन्नड, मराठी, इंग्रजी सगळं मिसळलं तरी चालेल. त्याने कॉमर्स मागितलं तर मध्येच खाकरू नका.