मनिलाच्या खाणावळींकडून शिका धंद्याचे चार धडे



तुमचं छोटं हॉटेल आहे, मेस आहे किंवा नाश्त्याची गाडी आहे. आणि समोरच्याच कोपऱ्यावर मोठ्या ब्रँडचं आउटलेट उघडतंय. एसी, झगमगाट, ऑफर्स! आता आपलं कसं होणार, ही धाकधूक लागतेच. याचं उत्तर शोधायला आज आपण फिलिपिन्सच्या राजधानीत, मनिलाला जाऊ. तिथला नोकरदार माणूस रोज पोटभर आणि खिशाला परवडेल असं कुठे खातो, ते बघा.

धडा १ : चव गिऱ्हाइकाची

१९७५ साली टोनी टान काकत्योंग यांनी मेट्रो मनिलातल्या क्युबाओमध्ये आइस्क्रीमचं दुकान टाकलं. लोक गरम खाणं मागायला लागले, तसा त्यांनी धंदा बदलला. त्यातूनच 'जॉलिबी' ही फास्टफूड साखळी उभी राहिली. १९८१ मध्ये मॅकडोनाल्ड्स तिथे आलं, तरी जॉलिबी मागे पडली नाही. का? तिथल्या लोकांना आवडते तशी गोडसर स्पॅगेटी आणि तळलेल्या चिकनसोबत भात. हो, भात! पुढे मॅकडोनाल्ड्सलाही तिथे स्पॅगेटी आणि चिकन-भात ठेवावा लागला. म्हणजे मोठ्याची नक्कल छोट्याने करायची गरज नाही. तुमच्या गल्लीची जीभ तुम्हाला जास्त कळते, तेच तुमचं भांडवल.

धडा २ : दाखवा, मग विका

मनिलातल्या साध्या खाणावळीला 'कारिंदेरिया' म्हणतात. तिथे दुसरा शब्द आहे 'तुरो-तुरो'. तुरो म्हणजे बोट दाखवणं. काउंटरवर पातेली मांडलेली असतात : व्हिनेगर-सोया सॉसमधलं अदोबो, आंबट रस्सा सिनिगांग, भाज्या. गिऱ्हाईक बघतं, बोट दाखवतं, ताट मिळतं. वाट बघणं नाही, 'यात काय असतं हो?' हा प्रश्न नाही. नवखा माणूसही बुजत नाही. तुमचा ताजा माल गिऱ्हाइकाला दिसतो का? की आत किचनमध्ये झाकून ठेवलाय?

धडा ३ : पाया एक, पदार्थ अनेक

रात्रीचा भात सकाळी लसूण घालून परततात, त्याला म्हणतात 'सिनांगाग'. आपल्या फोडणीच्या भाताचा लांबचा भाऊच! अंडं म्हणजे 'इतलोग'. या दोन शब्दांतून आलं 'सिलोग'. सोबत तापा, म्हणजे मुरवलेलं बीफ दिलं की तापसिलोग. लोंगानिसा सॉसेज दिलं की लोंगसिलोग. बांगुस मासा दिला की बांगसिलोग. भात-अंडं तेच, बदलतो फक्त एक जिन्नस. मेनू भरगच्च दिसतो, पण सामान मोजकंच. नासाडी कमी, आणि नावं अशी की एकदा ऐकली की डोक्यात बसतात.

धडा ४ : स्वस्त ते सढळ हाताने द्या

'मांग इनासाल' ही कोळशावर भाजलेल्या चिकनची साखळी २००३ मध्ये इलोइलो शहरात सुरू झाली. तिची ओळख काय? ठरावीक ताटांवर हवा तेवढा भात. चिकनचा तुकडा मोजून, भात न मोजता. गिऱ्हाईक खूश होऊन उठतं.

आता हिशोब मांडू. समजा, दिवसाला १०० थाळ्या जातात. त्यातले ४० जण जास्तीचा भात घेतात आणि तो तुम्हाला प्रत्येकी ८ रुपयांना पडतो. खर्च झाला ३२० रुपये, म्हणजे थाळीमागे ३ रुपये २० पैसे. त्याऐवजी थाळीवर १० रुपये डिस्काउंट दिला असता तर १,००० रुपये गेले असते. शिवाय डिस्काउंट विसरला जातो, भरलेलं पोट लक्षात राहतं. मात्र आकडे तुमचे स्वतःचे घाला. हिशोब न करता 'अनलिमिटेड'चा बोर्ड लावलात तर गल्ला रिकामा व्हायला वेळ लागत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा.
१. गिऱ्हाईक वारंवार मागतं, पण आपण ठेवत नाही असा एक पदार्थ.
२. एकाच पायावर बनतील असे तीन पदार्थ.
३. आपल्याला स्वस्त पडणारी, पण गिऱ्हाइकाला मोठी वाटणारी एक गोष्ट. तिचा थाळीमागचा खर्च काढा.

समोरचं आउटलेट बंद पाडणं आपल्या हातात नाही. आपलं ताट सुधारणं आहे. लागा कामाला, भेटू पुढच्या भागात!