'आधार' ह्या शब्दाचा विचार

रोज तोंडीं येणाऱ्या शब्दांकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. 'आधार' हा त्यांपैकींच एक. "भिंतीचा आधार घे," "म्हातारपणीं मुलांचा आधार," "ह्या म्हणण्यास आधार काय ?" ह्या तीन वाक्यांत शब्द एकच, पण आधार देणारें निरनिराळें आहे. पहिल्यांत दगडमाती, दुसऱ्यांत माणूस, तिसऱ्यांत पुरावा.

'धृ' म्हणजे धारण करणें, ह्या संस्कृत धातूस 'आ' उपसर्ग लागून हा शब्द झाला. धर्म, धरणी, धारणा हे शब्दही त्याच धातूचे. जो धारण करतो तो आधार, व जें धारण केलें जातें तें आधेय. म्हणून आधार म्हटला कीं, तो कोणाचा, हा प्रश्न मागोमाग येतोच.

सप्तमी विभक्तीचा मुख्य अर्थ जो अधिकरण, त्याची व्याख्या पाणिनीनें 'आधार' ह्याच शब्दानें केली आहे. पुढील वैयाकरणांनीं त्याचे तीन प्रकार मानले. मनुष्य चटईवर बसतो, तेथें आधाराचा नुसता स्पर्श असतो. मोक्षाविषयीं इच्छा असते, तेथें आधार हा केवळ विषय असतो. तिळांत तेल असतें, तेथें आधार आधेयानें सर्वांगीं व्यापलेला असतो.

टेकू, आश्रय, पाठिंबा हे ह्याचे शेजारी. परंतु एकाच्या जागीं दुसरा सरसकट चालत नाहीं. कललेल्या भिंतीस टेकू देतात, पावसांत वाटसरू झाडाचा आश्रय घेतो, सभेंत ठरावास पाठिंबा मिळतो. आधार ह्या तिहींहून व्यापक आहे. 'साधार' हें विशेषण मात्र विधानासच लावतात; 'साधार बालक' असें कोणी म्हणत नाहीं. 'निराधार' दोघांसही लागतें. निराधार बालक दयेस पात्र. निराधार विधान मुळींच नव्हे. ऐकीव गोष्टीवरून एखाद्या मुलावर चोरीचा आळ घेतला, तर त्या निराधार विधानानें तें मूलही वर्गांत निराधार होतें. दोन्ही अर्थ असे एकत्र येतात.

एका नैयायिकाची गोष्ट प्रसिद्ध आहे. तूप घेऊन घरीं जातांना त्यास शंका आली, पात्र तुपाचा आधार, कीं तूप पात्राचा ? निर्णयासाठीं त्यानें पात्र उपडें केलें. निर्णय झाला, पण तूप गेलें !

आपल्या बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील कान्हेरीच्या चैत्यगृहांत ही शंका निराळ्या रूपानें येते. तेथील खांब बाहेरून आणून उभे केलेले नाहींत. भोंवतालचा खडक कोरून काढल्यावर जो राहिला, तोच खांब. त्याचें मस्तकही डोंगर व पायही डोंगर. आधार कोण व आधेय कोण ? शुभवर्तमानांतील शहाण्या मनुष्यानें घर खडकावर बांधलें. येथें तें खडकांतच आहे. तेथील शिलालेखांत 'अक्षयनीवी' म्हणून देणग्या नोंदल्या आहेत. मूळ ठेव न मोडतां तिच्या उत्पन्नांतून भिक्षूंचा निर्वाह चालावा, हा हेतु. दाते निघून गेल्यावरही पुरावा, अशा आधाराची ही तरतूद होती.

ह्या शब्दास आमच्याच काळांत एक नवा अर्थ मिळाला. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं 'आधार' ह्या नांवाचे पहिले बारा अंकी ओळखक्रमांक देण्यांत आले. आज कित्येक मुलांस 'आधार' म्हटल्यावर प्रथम तें पत्रच आठवतें. क्रमांकानें माणसाची ओळख पटते. पण पडत्यास हात देणें हें काम अजून माणसाचेंच आहे.

विद्यार्थी मित्रहो, निबंधांत 'असें म्हणतात' लिहिण्यापूर्वीं आधार शोधा. आणि घरींही एकदां पाहा. तूप सांडल्यावर पात्राचें महत्त्व कळलें, तसें आईबापांविषयीं होऊं देऊं नका. आज तुम्ही आधेय आहां. उद्यां आधार होण्याची पाळी तुमची आहे.