साधं टाकू की प्रीमियम?

टर्बो पेट्रोल गाडी घेतलेला तरुण रावेरात भेटला की हमखास विचारतो, "भाऊ, जास्त ऑक्टेनचं टाकू की बिनइथेनॉलचं?" खरं तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ऑक्टेनचा संबंध सिलिंडरमध्ये पेट्रोल कसं पेटतं याच्याशी. इथेनॉलचा संबंध टाकी, पाइप, रबर आणि पाण्याशी. गाडीचं दुखणं कोणतं, ते आधी बघायचं.

माझी गाडी 2016 सालची, सेकंडहँड घेतलेली, छोटं टर्बो इंजिन. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास असतो. पालच्या घाटात एसी चालू, गाडीत चार माणसं, तिसरा गिअर, आरपीएम खाली आणि पाय पूर्ण दाबलेला, की बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखा आवाज यायचा. हे नॉकिंग. टर्बो आधीच गरम हवा दाबून आत कोंबतो, त्यात बाहेरचं ऊन, मग स्पार्कने सगळं नीट पेटायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल अशा भडकण्यापुढे तग धरतं. त्याने ताकद वाढते हा गैरसमज आहे. नॉक ऐकू आला की इंजिनाचा संगणक स्पार्क मागे घेतो, म्हणून गाडी मरगळते. ऑक्टेन पुरेसं असलं की तो मागे घेत नाही, एवढंच.

ते दिवस दहा टक्के इथेनॉलचे होते आणि साधं पेट्रोल 91 ऑक्टेनचं. 95 भरलं आणि त्याच घाटात, तशाच उन्हात आवाज जवळपास गेला. (एक गिअर खाली घेतला तरीही जायचा, आणि त्याला पैसे पडत नाहीत. हे गॅरेजवाले सांगतात, आपण ऐकत नाही.)

मग ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. आपल्याकडे इथेनॉल मिसळायचे पहिले प्रयोग 2001 मध्ये ज्या तीन ठिकाणी झाले, त्यातलं एक मनमाड, दुसरं मिरज. 2003 पासून पाच टक्के, 2022 च्या जूनपर्यंत दहा, आणि 2030 चं वीस टक्क्यांचं लक्ष्य अलीकडे ओढून 2025 मध्येच गाठलं. आता त्यात मक्याचा वाटा मोठा आहे, म्हणजे आमच्याच शिवारातला मका फिरून आमच्याच टाकीत येतो. शेतकरी म्हणून बरं वाटतं, गाडीमालक म्हणून कपाळाला आठी पडते.

वीस टक्क्यांनी हिशेब बदलला. सरकारच्या म्हणण्यानुसार इथेनॉलचं ऑक्टेन सुमारे 108.5 आणि मूळ पेट्रोलचं 84.4. दोन्ही मिसळून साधं पेट्रोलच 95 च्या घरात जातं. म्हणजे ज्या गाडीच्या इंधन झाकणामागे 91 किंवा 95 लिहिलंय, तिच्यासाठी 95 चं प्रीमियम घेण्यात आता फारसं हशील नाही. इंजिनाचा रीमॅप करून घेतला असेल तर गोष्ट निराळी. ट्यूनरने ज्या ऑक्टेनवर नकाशा बसवला तेच भरावं लागतं.

मायलेज मात्र घटतं, ते लपवण्यात अर्थ नाही. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच ऊर्जा. निती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरली होती. माझा अनुभव तसाच.

मला खरा फटका बसला तो पावसाळ्यात. केळीच्या कापणीच्या गडबडीत मी बोलेरोच चालवत होतो. ही गाडी अर्ध्या टाकीनिशी अंगणात उभी, वर ताडपत्री. पोळ्याच्या सुमारास काढली तर सुरू होऊन बंद पडायची, चालली तर झटके. मिस्तरीने टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं आणि उन्हात धरलं. वर स्वच्छ, खाली गढूळसर वेगळा थर. "भाऊ, गाडीले हे काय पाजून राह्यले?" इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं असेपर्यंत ते मिसळून राहतं; हद्द ओलांडली की इथेनॉल पाण्याला घेऊन तळाशी बसतं, आणि पंप तळाचंच उचलतो. पाणी कुठून आलं? झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं. आत एक पाइपही फुगलेला निघाला. टाकी धुणं, इंजेक्टर साफ करणं, पाइप, ओ-रिंगा, झाकण, सगळं मिळून जे बिल झालं, त्यात कित्येक टाक्या भरल्या असत्या. 2025 च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेही म्हटलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, आणि ते स्वस्त आहेत. भाग स्वस्त असतात हे खरं. मजुरीबद्दल कुणी बोलत नाही.

त्या काळात टाकीत महागडं प्रीमियमच होतं. पंपावरच्या पोराने सांगितलं होतं, "प्युअर आहे भाऊ." जास्त ऑक्टेन म्हणजे बिनइथेनॉल, असं गावभर धरून चालतात. तपासायची रीत सोपी आहे. मोजखुणा असलेल्या 100 मिलीच्या काचनळीत 90 मिली पेट्रोल, 10 मिली पाणी, बूच लावून हलवायचं, मधूनमधून बूच सैल करायचं, मग ठेवून द्यायचं. इथेनॉल नसेल तर खालचा थर दहावरच राहतो. माझ्या नळीत तो सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत चढला. उघड्यावर करा, जवळ विडी नको, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

याच प्रयोगावरून काहींना सुचतं की पाण्याने धुऊन इथेनॉल काढून टाकावं. तसे व्हिडिओही फिरतात. तुमची गाडी टर्बो असेल तर हे मुळीच करू नका. इथेनॉल गेलं की त्याच्याबरोबर ऑक्टेनही जातं, हातात उरतं ते 84 च्या आसपासचं पेट्रोल. पहिल्याच चढावर इंजिन ठोकायला लागेल. बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरचंही मला कौतुक नाही. लोह किंवा मँगनीज असलेल्या बूस्टरमुळे प्लगवर तांबूस थर चढतो.

खरोखर इथेनॉलविरहित हवं तर इंडियन ऑइलचं एक्सपी-100 आहे. डिसेंबर 2020 मध्ये ते पुण्या-मुंबईसह दहा शहरांत आलं, लिटरला दीडशेच्या वर. रावेरात मला ते मिळालं नाही. पुण्याला टाकी फुल्ल करून निघालो तर अजिंठा उतरेपर्यंत काटा बराच खाली येतो. कॅन भरून आणायचा मोह होतो. परवान्याशिवाय 30 लिटरपर्यंत ठेवायला कायदा मुभा देतो, पण खानदेशातल्या उन्हात डिकीत पेट्रोलचा कॅन ठेवायचा म्हणजे जिवाशी खेळ.

त्यामुळे रोज चालणाऱ्या गाडीला मी साधंच भरायला सांगतो, पण जिथे टँकर वारंवार रिकामा होतो त्याच पंपावर. मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरकडे गेली काही वर्षं पेट्रोल आपल्यापेक्षा महाग असल्याने तिकडच्या गाड्याही इकडच्या पंपांवर येतात, तिथे माल शिळा होत नाही. महिना-दोन महिने उभी राहणार असेल आणि पुण्याची फेरी होणार असेल, तर परत येऊन गाडी लावण्याआधीची शेवटची टाकी शंभर ऑक्टेनची भरली तर पैसे सार्थकी लागतात. नसेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आत ओल धरायला हवाच उरत नाही. एप्रिल 2023 च्या आधीची, म्हणजे ई-20 साठी न बनलेली गाडी असेल तर जूनच्या आत मिस्तरीकडून झाकणाचं रबर आणि इंधनाचे पाइप हाताने दाबून बघून घ्यावेत. जुनी गाडी विकत घेताना तर आधी तेच बघावं, रंग नंतर.