गुलाम देशाचा सावकार

प्रश्न : १९४४ साली आपण पारतंत्र्यात होतो. मग ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताला वेगळी खुर्ची कशी मिळाली? आणि तिथे गेलेले चिंतामणराव देशमुख तर आयसीएस अधिकारी. ते इंग्रजांचीच री ओढणार, नाही का? – एक वाचक, महाड

उत्तर : देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, तेव्हा ही शंका महाडहून यावी हे ओघानेच आले.

आधी खुर्चीचे पाहू. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहावर भारताची वेगळी सही झाली आणि राष्ट्रसंघाचे सदस्यत्वही मिळाले. त्यामुळे अशा परिषदांना भारताला स्वतंत्र निमंत्रण जाण्याची वहिवाट पडली होती. अर्थात शिष्टमंडळाचे प्रमुख इंग्रजच होते : व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन. त्यांच्यासोबत रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ होते. श्रॉफ हे तर त्याच वर्षी उद्योगपतींनी मांडलेल्या ‘बॉम्बे प्लॅन’च्या कर्त्यांपैकी एक. अशा माणसांकडून होयबागिरीची अपेक्षा कोणी धरली असेल, तर ती भाबडीच म्हणायची.

देशमुखांबद्दलची री ओढण्याची शंका मात्र रास्त आहे. तिचे उत्तर युद्धाच्या हिशेबात सापडते. ब्रिटनने भारतातून कापड, धान्य, दारूगोळा असा अफाट माल उचलला, पण रोख काही दिले नाही. किंमत लंडनमधल्या खात्यावर पौंडांत जमा होत गेली आणि तिच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापत राहिली. वाण्याच्या वहीत उधारी चढत जावी आणि त्याच्या घरची चूल मात्र थंड पडावी, तसा हा व्यवहार. नोटा वाढल्या, माल घटला आणि महागाई भडकली. १९४३च्या बंगालच्या दुष्काळामागच्या कारणांत ही महागाईही होती. युद्ध संपेपर्यंत ही येणी शंभर कोटी पौंडांच्या वर गेली. म्हणजे गुलाम देश सावकार आणि राज्यकर्ता कुळ! रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर या नात्याने देशमुखांपुढे हे आकडे रोज येत. त्यांनी इंग्रजांच्या बाजूने बोलायचे म्हटले असते, तरी आकडे आडवे आले असते.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक उभारण्यासाठी भरलेल्या या परिषदेत भारतीयांनी दोन गोष्टी लावून धरल्या. पहिली, या थकलेल्या पौंडांपैकी काही भाग तरी नव्या नाणेनिधीमार्फत डॉलरसारख्या चलनांत बदलून मिळावा. ब्रिटनतर्फे अर्थतज्ज्ञ केन्स यांनी ते नाकारले. हा आमच्या दोघांमधला मामला आहे, तो आम्ही सन्मानाने मिटवू, अशी त्यांची भूमिका होती. ऋणको असे बोलू लागला की धनकोने समजून घ्यायचे असते.

दुसरी मागणी मला अधिक महत्त्वाची वाटते. निधीच्या उद्दिष्टांत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या देशांच्या विकासाचा स्पष्ट उल्लेख हवा, असे भारताचे म्हणणे होते. श्रीमंत देशांना विनिमयदरांच्या स्थैर्याची चिंता होती. भारताचा मुद्दा असा, की गरीब देशांचे उत्पादन वाढले नाही तर जगाचा व्यापारही वाढणार नाही. पूर्ण यश आले नाही. पण सर्व सदस्यांच्या उत्पादक साधनांच्या विकासाचा उल्लेख निधीच्या करारनाम्याच्या पहिल्या कलमात आला.

आता एक गोड गैरसमज. नाणेनिधीत भारत पहिल्या पाच देशांत बसला, तो आपल्या वजनामुळे, असे पुष्कळांना वाटते. भारताचा वाटा ठरला ४० कोटी डॉलर. अमेरिका, ब्रिटन, रशिया, चीन आणि फ्रान्स यांच्यानंतर तो सहावा. रशियाने सदस्यत्वच घेतले नाही, म्हणून आपण पाचवे झालो आणि पहिल्या पाचांना असलेला कार्यकारी संचालक नेमण्याचा हक्क पदरात पडला.

मग सावकार असलेल्या भारताने १९४९ साली जागतिक बँकेकडून रेल्वेसाठी ३.४ कोटी डॉलरचे कर्ज का काढले? कारण लंडनमधले पौंड होते, पण ते हवे तेव्हा हवे तितके डॉलरमध्ये बदलता येत नव्हते. ब्रिटनशी करार करून ते हप्त्याहप्त्याने सोडवावे लागले. ब्रेटन वुड्सला देशमुखांना नेमकी हीच अडचण टाळायची होती.

१९५० साली पॅरिसला निधी आणि बँकेची संयुक्त वार्षिक सभा भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी देशमुखच होते. एव्हाना ते स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले होते. ते पद त्यांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर सोडले. पण त्यासाठी वेगळे पत्र पाठवा.