पाठ टेकली म्हणजे हरलो नव्हे

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी माझ्या मुलुंडच्या दवाखान्यात मायलेकी आल्या. मुलगी सव्वीस वर्षांची, अंधेरीला नोकरी करणारी. रोज मुलुंड ते घाटकोपर लोकल आणि तिथून मेट्रोने अंधेरी. परतायला रात्र होते, म्हणून स्वसंरक्षणासाठी तिने ज्युजित्सूच्या क्लासला नाव घातले होते. तिसऱ्याच दिवशी सरावात एक वजनदार जोडीदारीण तिच्या छातीवर आडवी पडली. हिला श्वास मिळेना, छाती धडधडू लागली, हातांना मुंग्या आल्या, बोटे वाकडी झाली.

"काका, आता मी मरते असंच वाटलं," ती म्हणाली.

आईने लगेच सांगितले, "डॉक्टर, तुम्हीच हिला बजावा. हे खूळ बंद कर म्हणावं."

मी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, बरगड्या दाबून पाहिल्या, ईसीजी काढला. सगळे व्यवस्थित होते. मग दोघींना समोर बसवून जे समजावले, तेच आज वाचकांना सांगतो. हल्ली बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत असे क्लास निघाले आहेत आणि अशा तक्रारी घेऊन येणारी तरुण मंडळीही वाढली आहेत.

कुस्ती आणि ज्युजित्सू

ज्युजित्सू ही जपानची जुनी झोंबीची विद्या. तिच्यातूनच जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत ज्युदो उभा केला. त्यांच्या परंपरेतले मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला गेले. तिथे ग्रेसी कुटुंबाने ही विद्या आत्मसात केली आणि जमिनीवर पडल्यानंतरच्या झुंजीवर भर दिला. आज आपल्याकडे शिकवतात तो बहुधा हाच प्रकार.

आपण कुस्ती पाहत वाढलेली माणसे. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे. कुस्तीत पाठ टेकली की चितपट, खेळ संपला. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याला पाठीवर २० सेकंद दाबून धरले की सामना जिंकला. ज्युजित्सूत मात्र पाठ टेकल्याने कोणी हरत नाही. म्हणून नवशिक्याला सुरुवातीलाच शिकवतात ते खाली दाबले गेल्यावर सुटायचे कसे.

श्वास का कोंडतो?

श्वास घेताना बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, तर छाती-पोटामधला पडदा खाली सरकतो. छातीवर वजन आले की बरगड्यांना उचलायला जागा राहत नाही. पडद्याचे काम मात्र बऱ्याच अंशी चालू राहते. म्हणजे पोटाने श्वास घेता येतो. पण घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो. तो वरच्यावर, भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो आणि मुंग्या येणे, बोटे आखडणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसतात. या मुलीला झाले ते हेच. तो हृदयविकार नव्हता.

यावर उपाय म्हणजे श्वास सावकाश सोडणे. मनात चार आकडे मोजत सोडावा, घेणे आपोआप होते. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय आता सांगत नाहीत, कारण दमा किंवा हृदयविकार असेल तर तो अपाय करतो. आणि चाळिशी उलटलेल्या माणसाच्या छातीत दुखून घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर 'घाबरला असेल' असे म्हणत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे.

सुटकेच्या पायऱ्या

जोडीदार तुमच्या उजव्या बाजूने छातीवर आडवा पडला आहे असे समजा. अशा वेळी:

१. हनुवटी छातीकडे ओढून घ्या आणि श्वास सोडा. हात सरळ ताठ करून त्याला वर ढकलू नका. ताकद वाया जाते आणि ताठ झालेला हात पकडून कोपर उलटे वाकवणे त्याला सोपे जाते.

२. डाव्या हाताची कोपरापुढची बाजू त्याच्या मानेला आणि उजव्या हाताची त्याच्या कमरेच्या हाडाला आडवी लावा. कोपरे अंगालगत ठेवा. गर्दीच्या लोकलमध्ये आपण छातीपुढे हात आडवा धरतो, तो कशाला? समोरच्याला पाडायला नव्हे, बरगड्यांपुरती जागा राखायला. इथेही तेवढेच करायचे आहे.

३. पाय दुमडून टाचा कुल्ल्यांजवळ आणा आणि कंबर झटक्याने वर उचला. वजन खांद्यावर घ्या, मानेवर नको. जोडीदाराचा भार क्षणभर हलतो.

४. कंबर खाली येतानाच ती त्याच्यापासून दूर, डावीकडे सरकवा आणि त्याच्याकडे तोंड करून उजव्या कुशीवर वळा. सपाट पाठीवर पूर्ण छाती दबते, कुशीवर एक बाजू मोकळी होते.

५. जी फट पडेल तिच्यात उजवा गुडघा घाला. एकदा गुडघा मध्ये आला की त्याचे वजन तुमच्या छातीवर राहत नाही.

पहिल्या प्रयत्नात ही फट चार बोटांचीच पडेल. पुन्हा श्वास, पुन्हा कमान, पुन्हा सरकणे. जोडीदार सरळ पोटावर बसला असेल तर त्याचा एक हात छातीशी घट्ट धरा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडवा आणि कंबर उचलून त्याच खांद्यावरून त्याला लोळवा. टेकायला हात-पायच मोकळा नसल्याने वजनदार माणूसही उलटतो. घाईने पालथे मात्र होऊ नका. पाठ त्याच्या ताब्यात गेली की गळा धोक्यात येतो.

घरी सतरंजीवर एकट्यानेही हा सराव होतो. कंबर सरकवणे दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा आणि कमान पाच वेळा, एवढे सुरुवातीला पुरे.

थाप मारायला लाजू नका

जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोन-तीन थापा मारल्या की त्याने तत्काळ सोडायचे, हा या विद्येतला नियम आहे. हात अडकले असतील तर तोंडाने सांगावे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपू शकते. तिथे इभ्रतीचा विचार करायला वेळ नसतो. माझ्याकडे येणाऱ्या दुखापतींत 'आणखी थोडं सहन करू' म्हणणाऱ्यांच्याच जास्त असतात. ज्या क्लासमध्ये थाप मारणाऱ्याची थट्टा होते, तो क्लास सोडावा.

दुखापती आणि त्वचा

बरगडीला मार बसला तर खोकताना, शिंकताना, कुशीवर वळताना कळ येते. बरे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. छातीला पट्टा आवळू नये, त्याने श्वास उथळ होतो आणि फुप्फुसात कफ साचून न्यूमोनियाची भीती असते. कान घासून सुजला, त्यात रक्त साचले, तर दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडून ते काढून घ्यावे. नाहीतर पहिलवानांसारखा कान कायमचा वेडावाकडा होतो.

आपल्या दमट हवेत सर्वांत जास्त त्रास देतो तो नायटा. सरावानंतर लगेच साबणाने आंघोळ, रोज धुतलेले कपडे, स्वतःचा टॉवेल आणि कापलेली नखे हे पाळावे. चट्टा उठला तर तो बरा होईपर्यंत मॅटवर उतरू नये. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नये. खाज थांबते, पण नायटा आतून पसरतो आणि मग महिनोन् महिने हटत नाही.

मानेचा किंवा कमरेचा मणक्याचा आजार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, ठिसूळ हाडे, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. दमेकऱ्यांनी पंप जवळ ठेवावा. मानेला मार बसून हाताला बधिरपणा आला, शुद्ध हरपली, धाप वाढतच गेली किंवा लघवीत रक्त दिसले, तर त्याच दिवशी तपासणी हवी.

शेवटी

आईला मी एवढेच म्हटले, "वहिनी, हिला बंद कर म्हणून मी सांगणार नाही. आठवडाभर विश्रांती घेऊ दे, मग जाऊ दे." मुलीला मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली. चार महिन्यांच्या क्लासने कोणी अजिंक्य होत नाही. रस्त्यावर प्रसंग आला तर आधी ओरडायचे, पळायचे. खाली पडलोच, तर उठून पळता यावे यासाठी ही विद्या आहे.

परवा ती पुन्हा आली, या वेळी आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला. मी विचारले, "काय गं, सुटतेस का आता?"

"नाही हो काका, अजून नाही. ती तीच जोडीदारीण आहे. पण पूर्ण दोन मिनिटं मी तिच्याखाली नीट श्वास घेत होते."

वाचकहो, डॉक्टर म्हणून मला ही प्रगती मोठी वाटते. ज्याला ओझ्याखाली श्वास घेता येतो, त्याचे डोके शांत राहते, आणि शांत डोक्याला फट कुठे आहे ते दिसते.