छंदाला कुंपण हवे : जुन्या शिलाई मशिनींचा एक हिशेब



नवा धंदा कसा सुरू करावा, भांडवल कसे उभारावे, यावर पुष्कळ लिहिले जाते. हातात घेतलेले काम वेळीच कमी कसे करावे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून आज माझ्याच एका चुकीचा हिशेब आपल्यापुढे मांडतो. आपल्यापैकी अनेकांना असा एखादा नाद असतो. कोणी जुनी घड्याळे दुरुस्त करतो, कोणी पंखे, कोणी सायकली. माझा नाद जुन्या शिलाई मशिनींचा.

माझे मालेगावात कापडाचे दुकान आहे. २०२० साली लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होते. घरात अम्मीची सिंगरची पायमशीन गंजून पडली होती. वेळ जावा म्हणून ती उघडली, साफ केली आणि ती चालू लागली. तो आनंद काही वेगळाच होता. मग एका दर्जीची बंद मशीन घेतली, नीट केली, विकली. दुकान पुन्हा सुरू झाले तरी हात थांबला नाही. तीन वर्षांत मी ६१ मशिनी विकत घेतल्या.

जुनी मशीन पुन्हा का चालते?

याचे कारण तिच्या बनावटीत आहे. सिंगरचा स्कॉटलंडमधील क्लाइडबँकचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. पण तेथे बनलेल्या १५के जातीच्या मशिनी आजही आपल्या गल्ल्यांत कपडे शिवतात. आपल्याकडील बऱ्याच काळ्या घरगुती मशिनी याच १५ नंबरच्या नमुन्यावर बनल्या. कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात उषा मशीन आणली. पुढे लुधियाना हे मशिनींचे व त्यांच्या सुट्या भागांचे मोठे केंद्र झाले. त्यामुळे बॉबिन, बॉबिन केस, शटल, सुई हे भाग आजही मिळतात.

बंद पडलेली मशीन बहुतेक वेळा मोडलेली नसते, चिकटलेली असते. लोक खोबरेल किंवा गोडे तेल घालतात. ते सुकून डिंकासारखे होते. अशा सांध्यांत रॉकेल सोडून एक-दोन दिवस थांबावे, जोर लावू नये. चाक मोकळे झाले की रॉकेल पुसून मशीनचेच पातळ तेल द्यावे. धागा तुटत असेल तर आधी सुई बदलावी, मग शटलचे टोक आणि सुईखालची पट्टी बोटाने चाचपावी. खरखर लागली तर दोष तेथेच. जुन्या सोनेरी नक्षीवर स्पिरिट कधी लावू नये. खालचे लाखेचे पॉलिश विरघळते आणि नक्षी जाते. बीडाचा सांगाडा तडकलेला असेल तर ती मशीन सुट्या भागांपुरतीच घ्यावी.

इतके ज्ञान झाले की माणसाला वाटते, आता यात कमाईच कमाई. येथेच मी फसलो.

वहीने काय सांगितले?

तीन वर्षे मी या कामाची वही ठेवली नव्हती. दुकानाची पै-पै लिहिणारा माणूस मी. पण हा ‘छंद’ होता, म्हणून लिहिले नाही. शेवटी थोरल्या मुलाने विचारले, “अब्बा, यात सुटते तरी काय?” मला उत्तर देता आले नाही. मग चिठ्ठ्या काढून हिशेब बसवला. एका मशीनचा सरासरी हिशेब असा निघाला :

खरेदी १,८०० रुपये, भाडे-हमाली २५०, सुटे भाग ६५०, रंग, पट्टा व स्टँडची दुरुस्ती ४००. एकूण ३,१०० रुपये. विक्री ४,२०० रुपये. नफा १,१०० रुपये.

विकलेल्या मशिनी ३८. म्हणजे तीन वर्षांचा नफा ४१,८०० रुपये. ऐकायला बरे वाटते. पण एका मशीनला माझे सुमारे १६ तास जात. ताशी सत्तर रुपयेही पडत नाहीत. धुळे, नाशिक, मुंबईच्या फेऱ्यांचा वेळ यात धरलेलाच नाही.

आता दुसरी बाजू पाहा. न विकलेल्या २३ मशिनी गोदामात होत्या. खरेदी आणि भाडे मिळून प्रत्येकी २,०५० रुपये, म्हणजे ४७,१५० रुपये. याचा अर्थ, मिळवलेला सगळा नफा आणि वर दुकानाच्या गल्ल्यातले ५,३५० रुपये लोखंड होऊन गोदामात पडले होते. मी ज्याला कमाई म्हणत होतो, ती कधी हातात आलीच नव्हती.

खरे नुकसान वेगळेच होते

बंधूंनो, पैशापेक्षा मोठ्या तीन गोष्टी घडल्या.

पहिली, जागा. मशिनींनी गोदामाचा तिसरा हिस्सा खाल्ला. कापडाच्या गाठी भिंतीला सरकवाव्या लागल्या. पावसाळ्यात भिंत पाझरली, दोन गाठी भिजल्या आणि त्यातले तागे कटपीसच्या भावाने काढावे लागले. शिवाय ज्या छपराखाली कापड, त्याच छपराखाली रॉकेलचा डबा. आज आठवले तरी अंगावर काटा येतो.

दुसरी, सीझन. २०२४ च्या रमजानपूर्वी ड्रेस मटेरियलचा एक लॉट रोखीत चांगल्या भावाने मिळत होता. माझ्याकडे रोख कमी पडली. शेजारच्या दुकानदाराने तो उचलला आणि ईदपर्यंत विकूनही टाकला.

तिसरी गोष्ट मनाला सर्वांत जास्त लागली. एका विधवा बहिणीने माझ्याकडून मशीन घेतली होती. ती शिवणकामावर घर चालवते. मी तोंडी म्हणालो होतो, “सहा महिने काही झाले तर मी आहे.” ईदच्या आठ दिवस आधी तिची मशीन टाके सोडू लागली. ती दोनदा आली. दुकानात गर्दी होती. मी “उद्या या” म्हणालो. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “भाईजान, गिऱ्हाइकांचे कपडे परत द्यायची वेळ आली आहे.” त्या रात्री मी मशीन पाहिली. शटल झिजले होते. काम अर्ध्या तासाचे होते. पण तिचे दोन दिवस गेले आणि दोन गिऱ्हाइके तुटली, ती मी कोठून भरून देणार? शब्द देणे सोपे असते. जितके शब्द पाळता येतील तितकाच माल विकावा, हे मला तेव्हा कळले.

काम कमी कसे केले?

एकदम सर्व भंगारात घालणे हीही घाईच झाली असती. मी मशिनींचे तीन ढीग केले.

१. थोड्या कामात चालणाऱ्या ८ मशिनी. फक्त तेल-सफाई केली, रंग काढला नाही. जो दोष होता तो दाखवून प्रत्येकी ३,००० रुपयांना दिल्या : २४,००० रुपये.

२. जास्त काम असलेल्या ९ मशिनी. एका मिस्त्रीला एकगठ्ठा १,५०० च्या भावाने दिल्या : १३,५०० रुपये.

३. निकामी ६ मशिनी. भाग काढून ठेवले. त्यांच्या बीडाच्या स्टँडना टेबलासाठी मागणी असते. ते १,२०० प्रमाणे गेले : ७,२०० रुपये.

एकूण ४४,७०० रुपये आले. म्हणजे २,४५० रुपयांचा तोटा. पण दोन महिन्यांत गोदाम मोकळे झाले आणि रोख पुन्हा कापडात आली. हा तोटा मी शिकवणीची फी समजतो.

आता पाळत असलेले नियम

एका वेळी दोनच मशिनी. एक गेल्याशिवाय दुसरी येत नाही. या कामाचा गल्ला वेगळा. दुकानाच्या गल्ल्याला हात नाही. रमजान आणि लग्नसराईत हत्यारांची पेटी बंद. काम घरच्या ओट्यावर. कापडाजवळ रॉकेल नाही. हमी एक महिन्याची, तीही लिहून. मालातला ऐब आधी सांगायचा, तो आपल्यावर बंधनकारकच आहे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. विकण्यासाठी ठेवलेली वस्तू हा तिजारतीचा माल आहे. त्याला छंद म्हटल्याने तो जकातीच्या हिशेबातून सुटत नाही. तसेच ज्यांची जीएसटी नोंदणी आहे, त्यांची अशी विक्रीही त्यांच्याच उलाढालीत धरली जाते. जुन्या वस्तूंसाठी, खरेदीवरचा कर वजा करून घेतला नसेल तर, खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरण्याची तरतूद आहे. आपल्या हिशेबनिसाला विचारून घ्या.

बाजारही बदलतो आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा कामांत शिंपीकामही आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ज्या दर्जीला अशी मदत मिळेल तो जुन्या मशीनकडे कशाला वळेल? हा विचार जुना माल भरण्यापूर्वी करायला हवा.

अम्मीची मशीन अजून घरी आहे. ती विक्रीची नाही. जुम्याच्या दिवशी दुपारनंतर तिच्यापाशी बसतो, तेल देतो, चाक फिरवतो. त्यात जो आनंद पहिल्या दिवशी होता तो परत आला आहे. ६१ मशिनींच्या गर्दीत तोच हरवला होता.

तेव्हा ज्यांना असा नाद असेल त्यांनी आज रात्री एकच करावे. एक कोरी वही घ्यावी, पडून असलेला माल मोजावा आणि त्यापुढे खरी रक्कम लिहावी. पुढचा रस्ता ती वहीच दाखवील.